टँकर आला नाही

बुधवारी रात्री पडायला लागला तेव्हा मौजच वाटली.
आमच्या लीट्रिमला बर्फ म्हणजे उभ्या उभ्या येऊन जाणारा पाहुणा,
चहालासुद्धा न थांबणारा.
हा ठाण मांडून बसला.

सकाळी दार आत ओढलं
तर दाराच्या मापाची भिंत समोर,
कडीचा ठसासुद्धा तिच्यात उमटलेला.

गावातल्या दुकानात पाव उरला नाही म्हणे,
डिम्फनाने अकरा पाव नेले,
घरात ती आणि तिचा पोपट.

कॉलमने गोठ्यापर्यंत वाट काढली.
वाट कसली, बोळ.
चव्वेचाळीस गायींना बर्फाशी देणंघेणं नव्हतं.
पाच वाजले की पाच वाजले,
कास तटतटली की हंबरायचं.
किटलीमागून किटली ऊन पाणी ओतलं
तेव्हा कुठे धारेचं मशीन खोकलं.

शनिवारी टाकी काठोकाठ.
क्रीमरीतली पोरगी फोनवर म्हणाली,
'टँकर निघालाय हो, पण पुढचा रस्ता सापडत नाहीये.'
सापडत नाहीये!
जसा काही चष्मा.

मग कॉलमने तोटी उघडली.
मी पाठ फिरवणार होते, पण पाहिलं.
जन्मभर म्हणत आलो, दुधासारखं पांढरं.
बर्फावर दूध पिवळं दिसतं.
ट्रंकेच्या तळाशी राहिलेल्या पत्रासारखं.
मांजरांनी दोन जिभा मारल्या आणि निघून गेली.
कॉलम तोटीवर हात ठेवून उभा होता,
तापल्या कपाळावर ठेवतात तसा.
बोलला एवढंच,
'एक बरणी अट्रॅक्टाला नेऊन दे.'

अट्रॅक्टा पलीकडच्या उतारावर, एकटी, शहाऐंशीची.
धुराडं धुरकटतंय तोवर ठीक असेल,
असं तीन दिवस आम्ही एकमेकांना सांगत होतो.
सांगायला सोपं होतं, खिडकीतून दिसायचं.

निघाले.
पांढऱ्यात पांढरं, वर की खाली कळेना.
आमचं फाटक मी ओलांडलं
हे पायाखाली लोखंड वाजलं तेव्हा समजलं.

तिने दार उघडलं, आधी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
चुलीत पीट जळत होतं. आणि न्हाणीघरातून
कुणीतरी कुरकुरत होतं.
टबात गवत, गवतात नऊ कोंबड्या,
नळावर एक, राणीसारखी.
'मग अंघोळ कुठे करतेस?' मी विचारलं.
'मला बघायला कोण येणार होतं?' ती म्हणाली.

हसत म्हणाली.
मी बुटांवरचा बर्फ झटकत बसले,
झटकून संपल्यावरही.

चहा झाला. दूध तिने दोनदा घातलं.
लहानपणीच्या हिवाळ्याची एखादी गोष्ट निघेल वाटलं होतं,
म्हाताऱ्यांकडे असते तशी.
ती रेडिओच्या बॅटऱ्या चुलीजवळ शेकवत होती,
शेकल्या की अजून थोडं बोलतात म्हणाली.
आम्ही दोघींनी मिळून कुठल्याशा परक्या गावच्या
घोड्यांच्या शर्यतीचा निकाल ऐकला.

मंगळवारी रात्री पागोळ्या सुरू झाल्या.
कॉलम अंथरुणात उठून बसला, नुसतं ऐकत.
सकाळी एकेक वस्तू वर आली:
त्याचा हातमोजा, बादली, कुणाचा तरी चेंडू,
कुंपणाला पाठ लावून बसलेली एक मेंढी,
जी उठणार नव्हती.
गोठ्यामागे दूध ओतलं होतं तिथे
बर्फ सगळ्यात शेवटी गेला.
का ते मला सांगता येत नाही.

दुपारी टँकर आला. फिंटनने काच खाली केली,
रस्ता त्यानेच हरवला होता असा चेहरा.

त्याच्यामागून अट्रॅक्टा, काठी टेकत, चिखलातून,
बरणी परत द्यायला.
रिकामं भांडं परत करू नये, हे तिथेही पाळतात.
आत तीन अंडी, लोकरीच्या पायमोज्यात गुंडाळलेली.
'टबातली आहेत,' म्हणाली.
'बाया आता बाहेर जायला तयार नाहीत.'
मग फाटकाशी थांबून, आभाळाकडे न बघता,
'पुन्हा पडेल का गं?'

मी म्हटलं, 'न पडता येईन.'
ऐकलं की नाही कोण जाणे.
पागोळ्यांचा आवाज फार होता.