तारण

दोनशे रुपयांपोटी राजमणीनं ही वाकळ माझ्याकडे ठेवली,
अर्धी.
मी नको म्हणत होते. अर्ध्या वाकळीवर कोण पैसे देतं?
ती म्हणाली, असू दे अक्का,
नाहीतर मी परत यायचीच नाही.
भद्रावती पेठेतला त्यांचा मालक तेव्हा माग भंगारात घालत होता,
आठ माग, वजनावर,
आणि तिचा नवरा भिवंडीची तिकिटं काढून आला होता.

एकवीस वर्षं लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी.
दोन घरं बदलली.
दोन्ही वेळा टेम्पोत चढवताना म्हटलं, हे कशाला?
दोन्ही वेळा चढवली.

आता गुडघ्यांमुळे कारखाना सुटला.
युनिफॉर्मच्या कारखान्यात सोळा वर्षं काज-बटण केलं.
हिशेब झाला तेवढा झाला,
वर शेठनं पोतंभर कटपीस दिले:
खाकी, आकाशी, मरून चौकडा,
आणि एका शाळेनं परत पाठवलेला हिरवा,
नमुन्यापेक्षा जराच गडद निघाला म्हणून.
त्या हिरव्यात कुणी पाढे म्हटले नाहीत,
कुणी शाई सांडली नाही.

पेटी उघडली.
तिच्या बाजूला टॉवेलचे काठ, चादरीतला मोर मानेशी कापलेला,
एक जांभळी साडी, नेसून नेसून पापुद्र्यासारखी झालेली,
एका झंपराची बाही,
काखेत घामाचा डाग अजून तसाच.
टाके मुंगीएवढे.
दिवसाला हजार विड्या बांधणाऱ्या बोटांचे.
काठावरून आत, चौकोनात चौकोन,
आणि एका ठिकाणी थांबलेले.
सुई तिथंच होती, गंजून कापडाला धरून.
ओढली तर तपकिरी ठिपका राहिला.
त्या ठिपक्यापासून मी सुरू केलं.

एप्रिलात सोलापुरात वाकळ शिवायची
म्हणजे मांडीवर तवा घेऊन बसायचं.
सून म्हणते, ऑनलाइन साडेचारशेत ब्लँकेट येतं, धुवायलाही हलकं.
खरं आहे तिचं.

पहिली फेरी तिच्यासारखी घालायला गेले.
वीतभर शिवून उसवली.
दुसऱ्याच्या नावाची सही केल्यासारखं वाटायला लागलं.
मग माझाच टाका, लांब, मशीनच्या घाईतला,
कुठं तिरका, कुठं दोरा गुंतलेला.
जिथं ती संपते आणि मी सुरू होते
तिथं डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं.

शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरली.
तिथं हिरवा लावला.

विडी घरकुलातल्या तिच्या भाचीकडून नंबर मिळाला.
राजमणीचा आवाज जाड झालाय.
मागं खडखडाट, कुणाचे तरी माग.
वाकळ? कसली वाकळ?
दोनशे रुपये? मी? तुझ्याकडून?
हसली. नातवाचं नाव सांगितलं, शुगर सांगितली.
मी मोर सांगितला. जांभळी साडी सांगितली.
हो का, म्हणाली,
एसटीत शेजारी बसलेल्या बाईला म्हणावं तसं.

ठेवते म्हणाली, आणि ठेवता ठेवता,
"कडुपु निंडिंदा?"
पोट भरलं का.
जेवले की मघाशीच, म्हटलं.
"तुझं नाही गं, वाकळीचं.
मधल्या तुकड्याखाली पाच दाणे घालायचे असतात.
उपाशी वाकळ आपलीच ऊब खाते."
फोन बंद.

हिरव्याची एक कड चार टाके उसवली.
डब्यातले शाळूचे पाच दाणे करंगळीनं आत सारले.
परत शिवताना ते चार टाके बारीक घातले,
जमले तेवढे.

रात्री घडी घालताना सुनेचा हात अडला.
आत काहीतरी राहिलंय, म्हणाली, खडे आहेत का?
असू दे, म्हटलं.