नऊ

पहाटे साडेचारला बेझान काठी पुसतो.
खुणा त्यानेच तापल्या खिळ्याने पाडलेल्या,
शून्य जरासं वाकडं.
रोपवेच्या खांबामागे, वारा पोचत नाही तिथे,
लाकडी पाटावर रात्रीचा बर्फ साठतो.
त्यात काठी रोवायची, गुडघे टेकून वाचायचं.
नऊ.
काल संध्याकाळी पाट झाडून ठेवला होता,
म्हणजे नऊ ते नऊच.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
इथे एका पाटावरून अख्खा डोंगर.

खालच्या ऑफिसातून ग्वांत्साचा फोन:
तिबिलिसीहून दोन बस भरून येताहेत, वीस लिही.
तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.
खडू दमट झालाय, तो काखेत धरून सुकवतो.

वाट एक: उघडी. रात्री यंत्र फिरलंय,
उतार नुकत्या विंचरलेल्या केसांसारखा.
दोन: अकरापर्यंत कडक, मग भुसभुशीत.
तीन: वळणावर दगड वर आलेत,
भूर्जांच्या कडेकडेने या.

चारपाशी खडू थांबतो.
तिथे मघाशी फावड्याने खड्डा घेतला होता:
वरचा थर नवा, त्याखाली साखरेसारखा रवाळ,
नुसतं थोपटलं तर सगळं हातावर आलं.
बंद.
खाली रेघ. अजून एक रेघ.

मग नवा बर्फ.
नऊचा आकडा त्याने एवढा मोठा काढला
की दुरून बघणाऱ्याला विसाएवढा वाटावा.

सात वाजता पहिली खुर्ची
रिकामीच डुलत वर आली.
बेझानच्या मिशीवर तोवर
दहावा सेंटीमीटर पडू लागला होता.
फळा त्याने पुसला नाही.