सांत्वनासाठी तीन दाबा

रुवीत शुक्रवारी दुपारी
डोंगरसुद्धा सावली शोधत असतात.
आम्ही दीड रियाल मोजून
दोन तासांची थंडी विकत घेतो.
सिनेमा वर फुकट.

सतरा वर्षं हमझाक्का तिकिटाच्या जाळीमागे बसला.
मी लोकांच्या छतातले डक्ट साफ करतो,
वर बघून बघून मान धरलेली.
"धरली का आजपण? एफ-बारा घे,
तिथे झोत येत नाही."
बोलायचा एवढंच,
पण ते माझ्याच मानेबद्दल असायचं.

यंदा ईदनंतर जाळी निघाली.
तिथे उभं राहिलं एक कपाट,
तोंडावर उजेड असलेलं.
हमझाक्काला तीन महिने ठेवलाय
लोकांना कपाट शिकवायला.
लोक शिकत नाहीत.
नोट काढतात ती त्याच्याच हातात देतात,
आणि तो कपाटाच्या वतीने माफी मागितल्यासारखा
एकेक चौकोन दाबत जातो.
"आता मी ह्याचं बोट," म्हणाला.

कपाटानं मला दिलं जी-चार,
नेमकं झोताखाली.
हमझाक्कानं कानामागचं बॉलपेन काढलं,
जी-चार खोडलं,
आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं: एफ-बारा.

एफ-बारावर आधीच एकजण होता.
झरगुल, पेशावरकडचा, सिमेंटचा मिक्सर चालवणारा.
त्याचंही तिकीट खोडलेलं, तेच गोल अक्षर.
त्याचा म्हणे खांदा धरतो.
(कपाटाला खुर्च्या दिसतात.
हमझाक्काला फक्त दुखणी.)
भांडायला तोंड उघडलं, इतक्यात दिवे गेले,
मागून कुणी ओरडलं, "बैठो!"
बसलो.
एका खुर्चीत दोघे, माझी एक मांडी हवेत.

सिनेमा इजिप्तचा.
जाडा कारकून, त्याचं नवं हुशार घर.
दार म्हणतं, हसून दाखवा, मग उघडतो.
हा दिवसभर साहेबाच्या शिव्या खाऊन आलेला.
पायरीवर बसून दोन बोटांनी गाल ताणतो.
दार म्हणतं, हे हसू कालचं आहे.
आत पाळणा बाळाला थोपटतो,
मिनिटाला बरोब्बर चाळीस.
आईचा हात एकदा सदतीसवर चुकतो
आणि बाळ किंचाळून घर डोक्यावर घेतं.
अरबी कुणाला येत होतं?
पण बंगाली, मल्याळी, श्रीलंकेचे दोघे,
सगळे एकाच ठिकाणी हसत होते.

मग कारकुनाचा बाप गावी वारतो.
तो भिंतीपाशी जाऊन काहीतरी पुटपुटतो.
भिंतीतली बाई गोड आवाजात:
अभिनंदनासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन,
सांत्वनासाठी तीन.
(हे झरगुलनं मला कानात सांगितलं,
कुवेतला सहा वर्षं काढलेली त्यानं.)
तो तीन दाबतो.
भिंतीतून रबरी हात बाहेर येतो,
पाठीवरून फिरतो, फिरतो,
बंद करायचं बटण काही सापडत नाही.
कारकून वैतागून बाजूला होतो,
तर हात फ्रीजचं सांत्वन करू लागतो,
मग टोपल्यातल्या टरबुजाचं,
हळूहळू, मनापासून.

थिएटर फुटलं.
मी हसता हसता खुर्चीतून अर्धा बाहेर,
झरगुलनं पाठीवर थाप मारून आत ओढलं.
आणि मग त्याचं हसणं मध्येच कुठेतरी अडलं.
पडद्याकडेच बघत म्हणाला,
"मेरा बाबा भी फोन पे ही गया."

मला काय बोलावं सुचलं नाही.
दापोली सोडून अकरा वर्षं,
आमच्याकडे अशा वेळी माणसं नुसती येऊन बसतात,
कुणी पाण्याचा तांब्या पुढे करतं.
इथे तांब्या कुठला?
त्याचा हात माझ्या पाठीवर तसाच राहिला,
जड, सिमेंटनं चरचरीत.
बंद करायचं बटण
आम्हालाही सापडलं नाही.

बाहेर आलो तेव्हा हमझाक्का
कुणाची तरी नोट कपाटाच्या तोंडात कोंबत होता,
कपाट ती परत परत ओकत होतं.
आम्हा दोघांना बघून हसला लेकाचा.
"मान?"
"धरली," मी म्हटलं.
"पण आज दुसऱ्या बाजूनं."