उलटं वटवाघूळ

बोशानच्या आमच्या गल्लीत रात्रही पुरती काळी नसायची,
भट्ट्या आभाळ तांबूस करून सोडायच्या.
त्या उजेडात वटवाघळं फिरायची
आणि माझा बाप, लुआन शोउछंग, मान वर करून
त्यांची वळणं पाठ करायचा.
जन्मापासून बहिरा.
फडफड त्याच्या वाट्याला नव्हती,
नुसतं फिरणं होतं.

तपकिरीच्या बाटल्या कोरायचा तो.
तळहातात मावणारी बाटली, बर्फाच्या चुऱ्यासारखी पांढरी,
वर लाल काचेची साय.
पायाखाली दांडा, चाकावर ओली वाळू,
साय खरवडत जायची,
खरवडायचं राहील ते चित्र.
मी वाळू चाळून द्यायची
आणि गिऱ्हाइकाचं बोलणं बोटांवर आणून द्यायची.

मिठाच्या कचेरीतले पंग साहेब आले.
वरच्या साहेबांची साठी आहे, म्हणाले,
पाच वटवाघळं हवीत, मधे आयुष्याचं पीच.
आमच्या बोलीत वटवाघूळ म्हणजे फू,
भाग्य म्हणजेही फू;
पाच भाग्यं बाहीत घालून नेता येतात
आणि कुणी लाच म्हणत नाही.
पंग साहेबांनी चिमूट ओढली, शिंकले.
बापाला ते फार आवडलं,
एवढा मोठा माणूस, आणि तोंड असं!

चार झाली.
पाचव्याच्या जागी काचेत बुडबुडा निघाला,
तिळाएवढा.
पंख पसरायला जागाच नाही.
दोन दिवस बापानं दांड्याला पाय लावला नाही.
तिसऱ्या दिवशी एक झोपलेलं कोरलं,
खाली डोकं, पंख मिटलेले,
बुडबुडा कुशीत.

मला वाटलं, गेले पैसे.
पंग साहेब बाटली फिरवता फिरवता थांबले,
मग ओरडलेच:
उलटं! दाओ!
उलटं म्हणजे दाओ, आणि येऊन पोचलं तेही दाओ.
भाग्य दारात आलं! काय डोकं आहे, लुआन!
चांदीचा एक तुकडा जास्तीचा ठेवून गेले.

रात्री मी बापाचा हात माझ्या गळ्यावर धरला.
छताकडे बोट केलं, म्हटलं, फू.
चांदीकडे बोट केलं, म्हटलं, फू.
त्यानं हात काढला नाही.
पुन्हा, अशी मान हलवली.
फू.
फू.

मग दिवा उचलून तो तुळईपाशी गेला.
थंडी पडल्यापासून तिथं एक लटकून होतं.
त्यानं दोन्ही तळवे गालाखाली घेतले,
झोपलंय,
आणि ओठांवर बोट ठेवून मला बजावलं,
हळू बोल.