पाच ओळी

उद्या शेवटची तारीख,
आणि मामा आज रात्री येऊन बसलाय समोर,
टोपी गुडघ्यावर, बोटांना ब्लॅकफिशचा वास.
गावाचे सगळे अर्ज मीच भरते:
वीजबिलाचे, दातांच्या डॉक्टरचे,
आणि आता हा, वॉशिंग्टनहून आलेला.
शिकार-मासेमारीच्या सल्लागार परिषदेवर
कुस्कोक्विमच्या काठचा एक माणूस हवाय त्यांना.

नाव: इव्हॉन चिकिगाक.
जन्मतारीख? "चर्चच्या वहीत बघ."
या भागात किती वर्षं राहता?
तो हसला. मी लिहिलं, सगळी.

रकाना चौथा.
इथले मासे, इथली जनावरं यांविषयीचं
आपलं ज्ञान व अनुभव सविस्तर लिहा.
खाली आखलेल्या पाच ओळी.

मामा गप्प.
हीटर घरघरून बंद पडला, परत लागला,
मामा गप्पच.

मूस मारायला निघालेला माणूस आमच्यात
"जरा पलीकडे जाऊन येतो" एवढंच म्हणतो.
फुशारकी जनावराला ऐकू जाते.
ते पाठ फिरवतं, आणि मग हिवाळाभर
चहात बुडवून पावच.
इथे तर कागदच आर्जवं करत होता:
सांगा, मोठ्याने सांगा, सविस्तर.

जाळ्याची दोरी दोन बोटांत धरून
आत काय लागलंय ते हा माणूस सांगतो.
बर्फ कुठे पातळ, ते त्याच्या बुटांना कळतं.
"लिहू का मी?"
"तू पाहिलंस ते तुझं. माझ्या नावावर नको."

कोऱ्या ठेवल्या पाची.

रकाना सहावा. आपल्याला ओळखणाऱ्या दोघांची नावं.
एक दवाखान्यातली नर्स. दुसरं...
"निकिफोर लिही."

पेन थांबलं.
नऊ वर्षं बोललेला नाही तो निकिफोरशी.
खालच्या वळणावरच्या भोवऱ्यात
जाळं आधी कुणी टाकायचं, एवढ्यावरून.
चर्चमध्येही दोघं दोन भिंतींना.
"मामा, त्याच जागेसाठी त्याचाही अर्ज आहे.
कालच भरला मी."
"असू दे. माझ्या चुका
त्याच्याइतक्या कुणाला पाठ आहेत?"

एप्रिलमध्ये फोन आला, निवड करणाऱ्यांचा.
धड लागणारी लाइन माझ्याच खोलीत,
म्हणून निकिफोर इथे येऊन बोलला, माझ्याकडे पाठ करून.
"इव्हॉन? हट्टी. ऐकत नाही कुणाचं."
मग बराच वेळ नुसती खरखर.
"पण वर्षाचा पहिला किंग सॅमन
त्याच्या घरी कधी शिजला नाही.
विधवांच्या दारात जातो आधी."
फोन ठेवला. दारातून वळून म्हणाला,
"हे त्याला सांगायचं नाही."

बर्फ फुटला. मासे वर चढले.
रेडिओ म्हणाला, या आठवड्यात नदी बंद.
पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाला.
वाळवणीच्या काठ्या अर्ध्या उघड्या राहिल्या.
बेथेलला परिषद भरली, आमची खुर्ची रिकामी,
कारण तिकडे दूर कुणाची तरी सही व्हायची होती.

पत्र आलं तेव्हा नदी पुन्हा गोठलेली.
निवड निकिफोरची.
मी वाचून दाखवलं. मामाने हातमोजे चढवले
आणि जरा पलीकडे जाऊन येतो म्हणाला.

निकिफोर शेडमध्ये स्लेज ठोकत होता.
मी खिडकीतून पाहिलं, ऐकलं नाही.
ऐकलं ते नंतर, त्याच्या बायकोकडून:
मामा दारातच उभा राहिला, आत गेला नाही.
"माद्या लहान यायला लागल्यात.
जाळ्याचा डोळा ठरवताना तेवढं बोल."
हातोडा थांबला.
"तू म्हणालास म्हणून सांगू?"
"नको. मासे म्हणाले म्हण."

भोवऱ्याचा विषय दोघांनीही काढला नाही.
अजून काढलेला नाही.

फेब्रुवारीत नवा अर्ज आला, दुसऱ्या एका जागेचा.
मामा दार ढकलून आत आला, बूट आपटले.
"चौथ्या रकान्याला यंदा किती ओळी?"
"पाचच."
"फार होतात," म्हणाला,
आणि टोपी गुडघ्यावर ठेवून
बसला.