पिठाची अक्षरं

जिंतूरहून आत, डांबर संपतं तिथं
मुनीरनं रिक्षा बाभळीखाली लावली.
"म्होरं चालतच जा सर. दगड काई पळून जात नाई."

बारवेच्या तिसऱ्या पायरीला तो आडवा,
माथ्यावर चंद्र-सूर्य,
एक कड विळे घासून घासून
खोलगट, गुळगुळीत, पाणी साचेल अशी.

खडू परभणीच्या खोलीवरच राहिला होता.
सोजरबाईंनी घरून वाटीभर
ज्वारीचं पीठ आणलं.
"दगडाला जेवू घालता व्हय?"

तळव्यानं चोळलं, फुंकलं,
आणि काळ्या दगडातून ओळ वर आली:
स्वस्ति श्री. मग सकु, मग फुटका आकडा.
मग निवर्तनं, किती ते नाही.
मग दिव्याला तेल. रोजचं.
आणि देणाऱ्याचं नाव यावं
नेमका तिथं तो खळगा.

"काय लिव्हलंय?"
कुणीतरी दिव्याला तेल लावून दिलं होतं.
"कुणी?"
ते विळ्यांनी नेलं.

बाई हसल्या नाहीत.
खळग्यात अंगठा फिरवत म्हणाल्या,
"सासूबी हितंच लावायची धार.
डावखुरी होती. ही बाजू तिची."

तेवढ्यात मुंग्या आल्या.
आधी 'स्वस्ति' गेलं, मग 'श्री',
मी वहीत तेलापर्यंत पोचलो
तोवर दिवा अर्धा वारुळात.

ती डावी बाजूही लिहून घेतली,
कुठल्या रकान्यात ते न कळून, समासात.

"घावलं का काई?" मुनीरनं विचारलं.
मी हात दाखवले.
पांढरे.