उजवीकडे अर्धा इंच

गाठ कॅन्सरची नाही, असं सयाजीत सांगितलं
तेव्हा श्रीरंग पेढे घेऊन आला.
त्यानंतर कुणी विचारलं नाही.

ती आहेच. पिकते, फुटते, सुकते,
पुन्हा दुसऱ्या जागी डोकं काढते.
तीन वर्षं.
रावपुऱ्यात प्रत्येक स्पीडब्रेकरआधी
माझा हात पदराखाली जातो.
रिक्षावाला आरशात बघतो.
बघू दे.

पालथं झोपणं विसरले.
भाची धावत आली की आधी खांदा पुढे करते.
गरब्यात टाळी वाजवते, पण छातीच्या खालीच,
लोकांना वाटतं, हिला येत नाही.

मंगळ बाजारात रमीलाबेन
माप घेता घेता थांबल्या.
टेप गळ्यात टाकली.
"दुखे छे?"
मी "बहु" म्हटलं.
मराठीत हे कधी बोललेच नव्हते.

ब्लाउज शिवून आला:
उजवीकडे अर्धा इंच सैल,
आत जुन्या मलमलीचं अस्तर,
गॉजपुरती जागा,
शिवण जखमेला वळसा घालून गेलेली.
शिलाई नेहमीचीच घेतली.

सध्या बरं आहे. म्हणजे दोनेक आठवडे.
ब्लाउज दोरीवर वाळतोय,
एका बाजूनं
जरा जास्त वारा भरतो त्यात.